उसनीं पात्रें : चित्र-कादंबऱ्यांचीं विडंबनें व त्यांची देवघेव

गेल्या सत्राच्या अखेरीस आमचा एक विद्यार्थी आपला संगणक कांखेंत घालून आमच्या घरीं आला व एक प्रश्न आमच्यापुढें टाकून गेला. एका जपानी चित्र-कादंबरीचें कोणा चाहत्यानें इंग्रजींत केलेलें विडंबन त्याच्यापाशीं होतें. "सर," तो म्हणाला, "ज्यानें हें रचलें त्यानें दोन वर्षांपूर्वीं तें परत घेतलें. आतां तें कोठेंच मिळत नाहीं. माझ्याकडे एक प्रत राहून गेली आहे. ती मीं दुसऱ्या कोणास दिली तर चालेल काय?" त्यावर हक्क कोणाचा, असें आम्हीं विचारलें. तेव्हां तो हंसला. "तीच तर अडचण आहे. गोष्ट त्याची, पण पात्रें दुसऱ्याचीं. आणि ज्याचीं पात्रें त्यानें हो म्हटलेलें नाहीं, व नकोहि म्हटलेलें नाहीं."

आमचा धंदा इतिहासाचा. जुनें दफ्तर, फाटकी बखर, वाळवीनें खाल्लेली पोथी, यांची एक प्रत होती ती दोन झाली म्हणजे आम्हां लोकांस पंक्तीला बसल्याचा आनंद होतो. तेव्हां 'दे, अवश्य दे' हेंच उत्तर जिभेवर आलें होतें. परंतु विषयांत थोडें शिरल्यावर ध्यानांत आलें कीं, ज्या रिवाजाच्या आधारावर हीं विडंबनें जन्मास येतात, त्याच रिवाजानें त्यांचें लवकर नाहींसें होणेंहि ठरवून टाकिलें आहे. हा रिवाज जपानांत कसा घडला व त्याची किंमत कोणास द्यावी लागते, हें वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

ज्यांच्या घरांत पंधरा-वीस वर्षांचीं मुलें आहेत त्यांच्या कानांवरून 'व्हिज्युअल नॉव्हेल' हें नांव गेलेंच असेल. इतरांसाठीं चार शब्द लिहितों. संगणकाच्या पडद्यावर एखाद्या स्थळाचें चित्र असतें. शाळेची गच्ची म्हणा, आगगाडीचें स्थानक म्हणा. त्यापुढें पात्राची कमरेपर्यंतची आकृति उभी राहते आणि खालीं, किंवा चित्रावरच, मजकूर उमटतो. कळ दाबली कीं पुढचें वाक्य येतें. मागें संगीत चाललेलें असतें. मधून मधून कथा थांबते व वाचकास विचारते कीं, आतां काय करावयाचें? त्या निवडीप्रमाणें गोष्टीस फांटे फुटतात. १९९२ सालीं 'चुन्सॉफ्ट' नांवाच्या कंपनीनें काढलेला 'ओतोगिरिसो' व १९९४ चा 'कामाइताची नो योरु' हे ह्या प्रकाराचे प्रसिद्ध आरंभीचे नमुने होत. कंपनी त्यांस 'ध्वनि-कादंबरी' म्हणे. पुढें १९९६ सालीं 'लीफ' ह्या दुसऱ्या कंपनीनें 'शिझुकु' काढतांना 'व्हिज्युअल नॉव्हेल' हें नांव घातलें आणि तेंच रूढ झालें. तिचीच १९९७ ची 'टु हार्ट' ही शाळेंतील मुलामुलींची सौम्य प्रेमकथा अतिशय लोकप्रिय झाली.

ह्या प्रकाराची घडणच विडंबनास सोईची आहे. पात्राच्या चेहऱ्याचीं ठराविक चित्रें असतात : हंसरें, रुसलेलें, लाजलेलें, रागावलेलें. तींच तीं पुन्हां पुन्हां वापरलीं जातात. आतां चेहरा तोच ठेवून खालचें वाक्य बदला. लाजणारी मुलगी घरभाड्याचा हिशेब सांगूं लागते, रडणारी मुलगी कोबीच्या भावावर बोलते, आणि ज्यानें मूळ गोष्ट डोळ्यांत पाणी आणून वाचली आहे त्यास हंसूं आवरत नाहीं. मूळ गोष्ट न वाचणारास मात्र त्यांत कांहींच गंमत नाहीं. म्हणजे ह्या विडंबनाचा वाचक हा आधींच मूळ ग्रंथाचा भक्त असावा लागतो. मूर्तीची थट्टा देवळांतलेच लोक करीत आहेत. बाहेरच्यास ती कळतहि नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व व्यवहार तीवर उभा आहे.

चित्र व मजकूर एकाच पानावर, आणि विषय दुसऱ्याच्या ग्रंथांतून उचललेला, ही युक्ति जपानास नवी नाहीं. १८२९ पासून १८४२ पर्यंत एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, 'निसे मुरासाकी इनाका गेंजी' नांवाची सचित्र कादंबरी खंडाखंडानें निघत होती. नांवाचा अर्थ 'नकली मुरासाकीचा खेडवळ गेंजी' असा कांहींसा होईल. मुरासाकी शिकिबू ह्या राजसेविकेनें अकराव्या शतकाच्या आरंभीं रचलेली 'गेंजी'ची कथा ही जपानी वाङ्मयाची मुकुटमणि. र्युतेइ तानेहिको ह्या सामुराई लेखकानें ती उचलून मध्ययुगीन शोगुनांच्या काळांत नेऊन बसविली, आणि उतागावा कुनिसादा ह्या चित्रकारानें तिचें प्रत्येक पान चित्रांनीं भरलें. मजकूर चित्रांतील माणसांच्या भोंवतीं, झाडांच्या फांद्यांमध्यें, जेथें जागा सांपडेल तेथें बारीक अक्षरांत ओतलेला असे. अडतीस खंड निघाले. विकत घेणारांहून भाड्यानें घेऊन वाचणारे अधिक. पाठीवर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन घरोघर हिंडणारे पुस्तक-भाडेकरी एदोंत १८०८ सालीं ६५६ होते अशी नोंद आहे. पुढें १८४२ सालीं सुधारणांची लाट आली. शोगुनाच्या अंतःपुराची ही थट्टा आहे अशी कुजबूज होतीच. छापण्याचे लांकडी ठसे जप्त झाले, लेखकास समज मिळाली, व त्याच वर्षीं तो वारला. शेवटचे खंड हस्तलिखितच राहिले.

ह्या हकीकतींत दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. मुरासाकीच्या वतीनें फिर्याद करणारा कोणी नव्हता; आठशे वर्षांपूर्वींच्या ग्रंथावर कोणाचीच मालकी नव्हती. ग्रंथ बंद पडला तो सरकारच्या मर्जीमुळें. आणि बंद पडूनहि तो नाहींसा झाला नाहीं, कारण त्याच्या प्रती घरोघर पसरलेल्या होत्या. पुढील काळाच्या विडंबनकारांची स्थिति ह्याच्या बरोबर उलट झाली.

मेइजी काळांत 'दोजिन्शी' हा शब्द पुढें आला. 'दोजिन' म्हणजे समानशील मंडळी, व 'शी' म्हणजे नियतकालिक. १८८५ सालीं ओझाकी कोयो, यामादा बिम्यो वगैरे विद्यार्थ्यांनीं 'केन्युशा' नांवाचें मंडळ काढून 'गाराकुता बुन्को', म्हणजे 'अडगळ ग्रंथमाला', सुरू केली. आरंभीं ती हातानें लिहून सभासदांत फिरविली जाई. पुढें ती छापली, पण विकली नाहीं. १८८८ पासून ती बाजारांत आली. आमच्या कॉलेजांतून हस्तलिखित मासिकें निघत असत तीं ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ही पायरीपायरीची वाट ओळखीची वाटेल. आम्हीहि विद्यार्थिदशेंत असल्या एका मासिकाचे सहसंपादक होतों. त्यांत एका प्राध्यापकांच्या व्याख्यानाचें विडंबन आम्हीं लिहिलें होतें, आणि त्याची एकुलती एक प्रत त्याच प्राध्यापकांनीं वाचावयास नेली ती आजतागायत परत आलेली नाहीं. असो.

विडंबनांच्या देवघेवीस बाजाराचें रूप आलें तें १९७५ सालीं. त्या वर्षीं चित्रकथांच्या चाहत्यांच्या एका संमेलनानें, संमेलनावर टीका केल्याबद्दल, एका चाहत्यास प्रवेश नाकारला. त्यावरून चिडून 'मेइक्यू' नांवाच्या टीकाकारांच्या एका लहानशा मंडळीनें स्वतःचा मेळा भरवावयाचें ठरविलें. २१ डिसेंबर १९७५ रोजीं टोकियोच्या तोरानोमोन भागांतील एका सभागृहांत पहिलें 'कॉमिक मार्केट' भरलें. बत्तीस मंडळ्यांनीं मेजें मांडलीं व सुमारें सातशें माणसें आलीं. त्यांतील बहुतेक शाळकरी मुली होत्या, आणि त्यांची आवडती लेखिका हागिओ मोतो ही होती. हिच्या 'पो नो इचिझोकु' ह्या करुण चित्रकथेचें विडंबन मेइक्यूच्याच नियतकालिकांत छापलें गेलें होतें. टीकाकारांनीं मेळा काढला आणि टीकेच्या शेजारीं थट्टा बसविली, हें आम्हांस फार बोलकें वाटतें. विडंबन ही त्यांच्या दृष्टीनें टीकेचीच एक जात होती.

ह्या मेळ्याचा एक नियम असा कीं, तेथें 'गिऱ्हाईक' कोणी नाहीं. मेज मांडणारा, विकत घेणारा, रांगा लावणारा स्वयंसेवक, सर्वांस एकच शब्द : 'भाग घेणारे'. पैसे द्यावयाचे, पण ते दुकानदारास देतात तसे नव्हेत. छपाईचा खर्च निघावा म्हणून वर्गणी द्यावी तसे. योनेझावा योशिहिरो हा संस्थापकांपैकीं एक. त्यानें १९८० पासून २००६ सालीं वारला तोंपर्यंत मेळ्याची धुरा वाहिली आणि हा नियम हट्टानें जपला. मेळा मात्र वाढतच गेला. २०१९ च्या डिसेंबरांतील चार दिवसांत सुमारें साडेसात लाख माणसें येऊन गेलीं. पुढील वर्षीं साथीमुळें मे महिन्याचा मेळा रद्द करावा लागला. स्थापनेपासून हें प्रथमच घडलें. हा आंकडा पाहून तो केवळ स्नेह्यांचा मेळा आहे असें म्हणणें कठीण जातें. परंतु एकेका मेजाकडे पाहिलें तर शंभर-दोनशें प्रती, दोन थकलेलीं माणसें व सुट्या नाण्यांची एक डबी, एवढेंच दिसतें.

चित्र-कादंबऱ्या ह्या मेळ्यांत आल्या त्या दोन वाटांनीं. एक वाट थट्टेची. 'टु हार्ट'मधील सौम्य मुलींस १९९८ च्या सुमारास 'वातानाबे सेइसाकुजो' नांवाच्या मंडळीनें मुष्टियुद्धाच्या आखाड्यांत उतरविलें व त्या खेळास 'द क्वीन ऑफ हार्ट' असें गंभीर नांव दिलें. दुसरी वाट उमेदवारीची. ताकाहाशी नाओकी ह्या एका व्यक्तीनें 'एन्-स्क्रिप्टर' नांवाचें एक साधन तयार करून दिलें होतें. त्याच्या साहाय्यानें संगणकशास्त्र न शिकलेल्या माणसासहि चित्र, वाक्य व संगीत यांची गुंफण करतां येई. त्यावर नासु किनोको हा लेखक व ताकेउची ताकाशी हा चित्रकार ह्या दोन बालमित्रांनीं, इतर कांहींच्या मदतीनें, 'त्सुकिहिमे' रचली आणि २००० च्या डिसेंबरांतील मेळ्यांत विकली. तिचे चाहते इतके झाले कीं लागलीच तिचींहि विडंबनें निघूं लागलीं. मूळ कर्त्यांनीं त्यावर काय करावें? २००१ सालीं त्यांनीं स्वतःच 'कागेत्सु तोया' काढून आपल्याच पात्रांची थट्टा केली. आणि २००२ च्या डिसेंबरांत त्या 'आखाडेवाल्या' वातानाबे मंडळीस बरोबर घेऊन 'मेल्टी ब्लड' हा मुष्टियुद्धाचा खेळ तयार केला. चोरास घरचा कारभारी नेमावें अशांतलाच हा प्रकार. पण येथें चोर कोण व धनी कोण हें सांगणें सोपें नाहीं, कारण धनीहि कालपर्यंत शेजारच्याच मेजावर बसत होता.

२००२ च्या उन्हाळ्यांत 'हिगुराशी नो नाकु कोरो नि' ही भीतिकथा आली तिचें मूळहि असेंच आहे. तिचा कर्ता र्युकिशी व त्याची मंडळी आधीं 'लीफ'च्या पात्रांवरील पत्त्यांच्या खेळासाठीं स्वतःचीं पानें रंगवीत असत. दुसऱ्याच्या पात्रांवर हात बसला, मग स्वतःचीं पात्रें सुचलीं. आणि २००६ सालीं 'हिगुराशी'चींच पात्रें दुसऱ्या एका चाहत्या मंडळीच्या हातीं खेळावयास दिलीं गेलीं. जुन्या गायकांच्या घराण्यांत शिष्य आधीं गुरूची नक्कल करतो, नकलेंत थोडी थट्टाहि येते, आणि गुरु ऐकूनहि न ऐकल्यासारखें करतो. त्याचीच ही जात आहे. सगळींच विडंबनें एका कृतीचीं असतात असेंहि नाहीं. २०११ च्या १ एप्रिलला एका जपानी लेखिकेनें थट्टा म्हणून ह्या सगळ्या प्रेमकथांचेंच विडंबन केलें : नायिका तेवढी मनुष्यकन्या, आणि तिचे सर्व प्रियकर कबुतरें व इतर पक्षी. प्रियकर म्हणून पडद्यावर खऱ्या पक्ष्यांचीं छायाचित्रें येतात. 'हातोफुल बॉयफ्रेंड' ही ती कृति पुढें इंग्रजींतहि गेली. आम्हीं ती वाचून पाहिली व, पदरच्या वयास शोभत नसतांहि, हंसलों.

आतां कायद्याकडे वळूं. जपानच्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यांत विडंबनास वेगळी सवलत नाहीं. १९८० च्या मार्चमध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें एक निकाल दिला तो प्रसिद्ध आहे. बर्फाच्या उतारावरून घसरत येणाऱ्या माणसांच्या मागें उमटलेल्या खुणा, असें एका छायाचित्रकाराचें चित्र होतें. एका विडंबनकारानें त्या उताराच्या माथ्यावर मोटारीचें प्रचंड चाक चिकटविलें, त्यामुळें त्या खुणा चाकाच्या झाल्या. कल्पना उत्तम, परंतु न्यायालयानें ती मान्य केली नाहीं. म्हणजे कायद्याचें अक्षर पाहिलें तर त्या मेळ्यांतील सहस्रावधि मेजें रातोरात उठवितां आलीं असतीं. तीं उठलीं नाहींत ह्याचें कारण त्याच कायद्यांतील एक कलम : हक्कदारानें स्वतः फिर्याद केल्यावांचून खटला चालत नसे. आणि हक्कदार फिर्याद करीत नसत. आपले उत्तम वाचक तेथें आहेत, आपले उद्यांचे लेखकहि तेथेंच आहेत, हें प्रकाशक जाणून होते. त्यांनीं परवानगी दिली नाहीं. दिली असती तर पुढें ती मोडतां आली नसती. त्यांनीं फक्त दुसरीकडे पाहिलें.

परंतु दुसरीकडे पाहण्यासहि अटी असतात, आणि त्या न लिहिलेल्या असल्यामुळेंच अधिक कडक असतात. संख्या लहान असावी. वस्तु मूळ ग्रंथासारखी दिसूं नये. ती हातोहात जावी व संपावी. ह्या अटी कोणत्या, हें लोकांस कळलें तें एकानें त्या मोडल्यावर. जो दोरेमॉन आमच्याकडील मुलांनीं दूरदर्शनावर पाहून पाहून घरचा करून टाकिला, त्याच्या कथेस शेवट नाहीं. मूळ चित्रकार १९९६ सालीं वारला तेव्हां ती तशीच राहिली. एका चाहत्यानें २००५ सालीं आपल्या मनानें तिचा शेवट रचून पुस्तिका काढली. ती इतकी उत्कृष्ट वठली व मूळ पुस्तकासारखी इतकी हुबेहूब दिसली कीं, पुष्कळांस तोच खरा शेवट वाटला. सुमारें तेरा हजार प्रती गेल्या. तेव्हां मात्र प्रकाशकांनीं मान वळविली. २००७ सालीं त्या चाहत्यानें माफी मागितली व कांहीं रक्कम भरली. त्याचा अपराध वाईट लिहिल्याचा नव्हता. पुस्तक चांगलें होतें, पुष्कळ खपलें व टिकण्यासारखें होतें, हाच तो अपराध.

ह्यानंतर अटी कागदावर येऊं लागल्या, आणि आल्या त्या ह्याच शब्दांत. चित्र-कादंबऱ्या काढणाऱ्या 'नायट्रोप्लस' कंपनीनें एके काळीं असें जाहीर केलें होतें कीं, दोनशें प्रती व एक लाख येन ह्या मर्यादेंत असाल तर आम्हांस विचारूं नका. पुढें जावयाचें तर आधीं विचारा. २०१३ सालीं आकामात्सु केन ह्या चित्रकथाकाराच्या पुढाकारानें 'दोजिन-चिन्ह' निघालें. लेखकानें आपल्या पुस्तकावर तें छापलें म्हणजे त्यावरून विडंबन करण्यास मोकळीक. पण तें विडंबन मेळ्यांत आणि मेळ्याच्या दिवशींच द्यावयाचें. दुकानांत ठेवावयाचें नाहीं, इंटरनेटवर चढवावयाचें नाहीं. उसनी दिलेली पैठणी लग्नापुरती नेसावी व रात्रीं घडी घालून परत करावी, तशांतलें हें. पुढें पॅसिफिक महासागराभोंवतालच्या देशांच्या व्यापारी कराराच्या ओघांत 'फिर्यादीवांचून खटला' चालविण्याचा प्रश्न निघाला तेव्हां चाहत्यांत मोठी घबराट उडाली. २०१६ सालीं पंतप्रधान आबे शिंझो यांस पार्लमेंटांत ह्या पुस्तिकांविषयीं उत्तर द्यावें लागलें. ३० डिसेंबर २०१८ पासून नवा कायदा अमलांत आला, पण तो मूळ ग्रंथाची जशीच्या तशी नक्कल करून विकणारापुरता. विडंबनकार त्यांतून वगळले गेले. हा शहाणपणा आहे हें मान्य करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. आमच्याकडे अशा प्रसंगीं एकतर सरसकट बंदी येते किंवा सरसकट बेफिकिरी चालते.

तथापि ह्या सौजन्याचा हिशेब कोठें तरी चुकता होतोच. अनुमति मिळते ती 'थोडें व क्षणिक' असण्याच्या अटीवर. आणि जें थोडें व क्षणिक, तें नष्ट होतें. आमच्या इकडे केशवकुमारांचीं 'झेंडूचीं फुलें' १९२५ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. ज्या कवितांवर तीं विडंबनें होतीं त्यांपैकीं कांहीं आज कोणी उघडून पाहत नाहीं, पण विडंबनें लोकांच्या तोंडीं आहेत; कारण पुस्तक छापलें गेलें, ग्रंथालयांत गेलें, पुन्हां छापलें गेलें. जपानी चाहत्याची तबकडी घरच्या यंत्रावर उतरविलेली, शंभर प्रतींची. तबकडीवरील थर कालांतरानें विटतो. तो न विटला तरी जुन्या संगणकासाठीं लिहिलेला खेळ नव्या संगणकावर उघडत नाहीं. कागदाची पुस्तिका निदान पोटमाळ्यावर धूळ खात राहते. हा मजकूर धूळहि खात नाहीं. तो एके दिवशीं उघडत नाहीं, एवढेंच.

ह्यावर कांहीं उपाय चाहत्यांनींच केले आहेत. 'ऑन-स्क्रिप्टर' नांवाचें एक साधन एका चाहत्यानें स्वतंत्रपणें रचलें; त्यामुळें एन्-स्क्रिप्टरवर केलेल्या कृति इतर जातींच्या यंत्रांवरहि वाचतां येऊं लागल्या. मेळ्यांतहि एक जुना नियम आहे : मांडणाऱ्यानें प्रत्येक नव्या कृतीची एक प्रत व्यवस्थापकांपाशीं द्यावयाची. नियम तपासणीसाठीं झाला, पण त्यामुळें सरकारच्या कोणत्याहि ग्रंथालयापाशीं नाहीं असा संग्रह सांचत गेला. मेइजी विश्वविद्यालयानें २००९ सालीं योनेझावाच्या नांवानें टोकियोंत ग्रंथालय उघडून त्याचीं स्वतःचीं पुस्तकें तेथें ठेविलीं आहेत. पोलिसी कामाच्या कागदांतून इतिहास निघावा हें आम्हां मराठी इतिहासकारांस नवें नाहीं. पेशव्यांचे कारकून आमच्यासाठीं लिहीत नव्हते.

उलट बाजूचें एक उदाहरण देतों. २००० च्या डिसेंबरांत एका जपानी चित्रकारानें आपल्या पुस्तिकेच्या शेवटीं, जागा उरली म्हणून, अपंग मुलींच्या शाळेवरील कल्पित चित्र-कादंबरीचें एक पान काढलें. तें पान त्या दिवशीं शेंदोनशें लोकांच्या पिशव्यांतून घरीं जावयाचें व विसरलें जावयाचें. पण कोणीतरी, न विचारतां, त्याची छाया इंटरनेटवर टाकिली. २००७ च्या आरंभीं ती इंग्रजी जाणणाऱ्या कांहीं अनोळखी माणसांच्या दृष्टीस पडली. निरनिराळ्या देशांतील त्या माणसांनीं एकमेकांची तोंडें न पाहतां पांच वर्षें खपून ती कादंबरी खरोखरच लिहिली, आणि ४ जानेवारी २०१२ रोजीं 'कातावा शोजो' ह्या नांवानें सर्वांस विनामूल्य दिली. हे लोक थट्टेनें जमले होते. लिहितां लिहितां थट्टा गळून गेली, आणि व्यंग असलेल्या माणसांविषयीं इतक्या नाजूकपणें लिहिलेलें फार थोडें आमच्या वाचण्यांत आहे. रिवाज पाळला गेला असता तर हा ग्रंथ झाला नसता.

इंग्रजी जगांत वांटणीची आणखी एक रीत निघाली आहे. चाहता मूळ कृति देतच नाहीं. तो फक्त आपला बदल देतो. मूळ कृति तुम्ही विकत घ्यावी किंवा कर्त्याकडून आणावी व त्यावर हा बदल चढवावा. 'त्सुकिहिमे'चें चाहत्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर २००६ सालीं असेंच वांटलें गेलें. २०१७ सालीं अमेरिकेंतील डॅन साल्वाटो यानें शाळेच्या साहित्यमंडळावर 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' ही कृति काढली. आरंभीं चार मुली एकमेकींस कविता वाचून दाखवितात. पुढें ती अशी भयंकर होते कीं आम्ही तें येथें सांगत नाहीं. तिच्यावरील चाहत्यांच्या रचनाहि ह्याच रीतीनें दिल्या जातात, आणि मूळ कृति पुरी वाचून झाल्यावरच ही उघडावी अशी सूचना आरंभीं घालावी लागते. रीत नीतीची आहे यांत शंका नाहीं. पण टीका आहे आणि मूळ ग्रंथ नाहीं अशी पोथी ज्यानें हाताळली आहे त्यास पुढचें दिसतें. 'त्सुकिहिमे'च्या त्या पहिल्या तबकड्या आज नव्या कोठें विकत मिळतात? नीतीनें वागणाऱ्याजवळ भाषांतर उरतें आणि लावावयास ग्रंथ नसतो. ज्यानें वीस वर्षांपूर्वीं नीति मोडून नक्कल करून ठेविली तो मात्र वाचतो.

येथपर्यंत आल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्यास पुन्हां बोलाविलें. त्यास वरील सर्व सांगितलें, आणि आमचें मत त्याच्या बाजूनें, म्हणजे प्रत देण्याच्या बाजूनें, झुकतें आहे असेंहि सांगितलें. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "सर, मीं त्या कर्त्यास पत्र लिहिलें होतें. त्याचें उत्तर आलें आहे." उत्तर दोन ओळींचें होतें. तें विडंबन त्यानें सोळाव्या वर्षीं केलें होतें. त्यांत एका मैत्रिणीची थट्टा पात्राच्या तोंडून आली होती, ती तिला लागली, म्हणून त्यानें तें मागें घेतलें. मूळ जपानी कंपनीचा, कायद्याचा वा प्रकाशकांच्या मर्जीचा त्यांत कांहींएक संबंध नव्हता.

एवढ्या वाचनानंतर हें कारण आमच्या मनांत एकदांहि आलें नव्हतें. ती प्रत विद्यार्थ्यानें कोणास दिली नाहीं, व पुसूनहि टाकिली नाहीं. ती त्याच्यापाशींच आहे. आमच्या टिपणवहींत त्या कृतीचें नांव व तारीख मात्र आम्हीं लिहून ठेविली आहे. त्याच्या विनंतीवरून तीं येथें देत नाहीं.